तीन लशींचा मसावि

२०२२ च्या ऑगस्टमध्ये एका दुपारी शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. हातात प्लॅस्टिकची पारदर्शक फाइल, फाइलमध्ये आधार कार्ड आणि दोन्ही डोसांची प्रमाणपत्रं, चेहऱ्यावर राग. नौपाड्यातल्या केंद्रावर प्रिकॉशन डोस, म्हणजे कोरोनाच्या लशीचा तिसरा डोस, घ्यायला गेल्या होत्या. सिस्टरने विचारलं, "कोविशिल्डच देऊ की कॉर्बेव्हॅक्स चालेल?" काकू काही न घेता परत आल्या. "अरे, आधीच्या दोन एका कंपनीच्या आणि तिसरी भलतीच? औषधाचा कोर्स असा मधेच बदलतात का? तू मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतोस ना, मग सांग बरं."

१२ ऑगस्ट २०२२ पासून ही मुभा मिळाली होती. कोविशिल्ड किंवा कोव्हॅक्सिनचे दोन डोस घेऊन सहा महिने झालेल्या १८ वर्षांवरच्या कोणालाही तिसरा डोस कॉर्बेव्हॅक्सचा घेता येऊ लागला. तोवर नियम उलटा होता, पहिले दोन ज्या लशीचे त्याच लशीचा तिसरा. त्यामुळे काकूंसारखा प्रश्न तेव्हा ठाण्यात घरोघरी पडला असणार. गणपतीला गावी जायच्या आधी डोस उरकायची घाई होती, आणि हातात दोन पर्याय.

आधी त्या 'कोर्स'बद्दल. अँटिबायोटिक जंतूला स्वतः मारतं, म्हणून त्याची रक्तातली पातळी टिकवावी लागते. लस कोणालाच मारत नाही. ती शरीराला एक आकार दाखवते आणि काही दिवसांत नाहीशी होते. आकार ओळखायला शिकवणारे शिक्षक दोन असले तर बिघडत नाही. काकूंच्या नातवाचंच उदाहरण घ्या. त्याने पोलिओचे थेंबही घेतलेत आणि पोलिओचं इंजेक्शनही. थेंबांत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो, इंजेक्शनमध्ये मेलेला. नोव्हेंबर २०१५ पासून आपल्या सरकारी लसीकरणात हे इंजेक्शन थेंबांच्या जोडीला आलं. म्हणजे 'मिसळ' आपल्याकडे तान्ह्या बाळांना रोज दिली जाते, फक्त तिला कोणी मिसळ म्हणत नाही.

आता मला मनापासून आवडणाऱ्या भागाकडे येतो. शाळेतला मसावि आठवा, महत्तम साधारण विभाजक. १२, १८ आणि ३० या तिन्हींना भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या ६. संख्या वेगवेगळ्या घेतल्या की त्यांच्यात समान काय आहे ते उघडं पडतं. तिन्ही वेळा १२च घेतली, तर मसाविही १२च येईल, आणि त्यातलं कामाचं किती नि भरताड किती हे कळायला मार्ग नाही.

लशींच्या कुप्यांतही असंच आहे. कोविशिल्डमध्ये चिंपांझीला सर्दी करणारा अ‍ॅडिनोव्हायरस असतो. हे विषाणू १९५३ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथींमध्ये सापडले, लहान मुलांच्या नाकामागे वाढतात आणि कधी कधी काढाव्या लागतात त्याच या ग्रंथी. म्हणून हे नाव. लशीतल्या विषाणूला शरीरात वाढता येत नाही. त्याच्या पोटात कोरोनाच्या अंगावरच्या काट्याचा, म्हणजे स्पाइक प्रथिनाचा, जनुक ठेवलेला असतो. तो आपल्या पेशीत शिरतो, जनुक सोपवतो, आणि काटा आपली पेशी बनवते. थोडक्यात, हा टेम्पो आहे आणि काटा हा आतला माल.

कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा कोरोना विषाणू मारून भरलेला असतो. त्यात काटा आहे, आवरणातली प्रथिनं आहेत, आतल्या आरएनएला गुंडाळणारं एन प्रथिनही आहे. हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीच्या कॉर्बेव्हॅक्समध्ये मात्र ना टेम्पो ना अख्खा विषाणू. काटा १,२७३ अमिनो आम्लांची साखळी आहे. त्यातला दोनशेच्या आसपास आम्लांचा जो तुकडा आपल्या पेशीच्या कुलपात बसतो, तेवढाच यीस्टमध्ये वाढवून काढलेला. या तुकड्याला आरबीडी म्हणतात.

तिन्हींचा मसावि काय? आरबीडी.

याचा उपयोग कुठे होतो ते पाहायला काखेत जावं लागेल. लस घेतल्यावर काही जणांच्या काखेत दुखरी गाठ येते, बरेच जण घाबरतात. ती लसिका ग्रंथी असते आणि तिथे काम सुरू असतं. दंडातून आलेला लशीचा माल तिथे जाळ्यासारख्या पेशींवर टांगला जातो. समोरून अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी जातात. प्रत्येक बी पेशीच्या अंगावर एकाच घाटाचा हात असतो, आणि दुसऱ्या पेशीचा घाट वेगळा. जिचा हात मालाच्या एखाद्या कोपऱ्याला लागतो, ती तो कोपरा ओढून घेते, तोडते, आणि तुकडा मदतनीस टी पेशीला दाखवते. टी पेशीने होकार दिला तर बी पेशी वाटण्या सुरू करते. वाटताना ती आपल्या हाताच्या जनुकात मुद्दाम चुका करते, शरीरातल्या एरवीच्या वेगाच्या जवळजवळ दहा लाख पट वेगाने. बहुतेक चुकांनी हात बिघडतो आणि ती पेशी मरते. एखाद्या चुकीने पकड घट्ट होते आणि ती पुढच्या फेरीत जाते. ही निवड आठवडेच्या आठवडे चालते. डार्विनने जी गोष्ट लाखो वर्षांच्या हिशेबात सांगितली, ती तुमच्या काखेत श्रावण ते भाद्रपद एवढ्यात घडते. या जागेला जर्मिनल सेंटर म्हणतात. वर्गात हे शिकवताना दर वर्षी माझा तास संपतो आणि धडा उरतो.

या शर्यतीतून स्मृतिपेशी उरतात. तिसरा डोस त्यांनाच हाक मारतो, आणि कोणाला हाक जाते हे कुपीत काय आहे त्यावर ठरतं. पहिल्या दोन कोविशिल्डनंतर काट्याच्या स्मृतिपेशी तयार असतात, तशा टेम्पोच्याही. अ‍ॅडिनोव्हायरसच्या कवचावरच्या हेक्सॉन या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी फिरत असतात. पुन्हा कोविशिल्ड आली तर काही टेम्पो गेटवरच अडतात, पेशीपर्यंत पोचतच नाहीत, तेवढा काटा कमी बनतो. टेम्पोच्या स्मृतिपेशीही जाग्या होऊन मदतीच्या टी पेशी आणि जागा अडवतात. कॉर्बेव्हॅक्स आली की हेक्सॉनची ओळख ठेवून बसलेल्यांना कामच नाही. जागे होतात ते फक्त आरबीडी ओळखणारे. कोव्हॅक्सिनवाल्यांमध्येही तसंच, एन प्रथिनाचे जाणकार झोपून राहतात.

रशियाच्या स्पुटनिक व्ही लशीत ही अडचण आधीच गृहीत धरली होती. तिचा पहिला डोस अ‍ॅडिनोव्हायरस २६ चा आणि दुसरा अ‍ॅडिनोव्हायरस ५ चा, म्हणजे टेम्पोच बदललेला. २०२० च्या जुलैत युरोपने मान्यता दिलेल्या इबोलाच्या लशीतही दोन डोसांना दोन वेगळे वाहक आहेत. कल्पना कोरोनाच्या आधीची आहे.

पण मसाविची उपमा एका जागी मोडते. मसाविला क्रमाशी देणंघेणं नसतं, शरीराला असतं. ब्रिटनमधल्या कॉम-कोव्ह चाचणीत एका गटाला आधी अ‍ॅस्ट्राझेनेका मग फायझर दिली, दुसऱ्याला उलट. पहिल्या क्रमात अँटिबॉडी जास्त आल्या. मिसळ घेणाऱ्यांना ताप आणि अंगदुखीही जास्त झाली, एक-दोन दिवसांची. टेम्पो पूर्ण अडतो असंही नाही. ऑक्सफर्डच्या अभ्यासात मोठ्या अंतराने दिलेल्या त्याच लशीच्या तिसऱ्या डोसनेही अँटिबॉडी वाढल्या. म्हणून तिसरी कोविशिल्ड घेतलेल्यांनी हळहळू नये.

आपल्याकडची पहिली मिसळ चुकून झाली. मे २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात काही गावकऱ्यांना पहिला डोस कोविशिल्डचा आणि दुसरा कोव्हॅक्सिनचा दिला गेला. बातमी आली तेव्हा गावात भीती पसरली. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शास्त्रज्ञांनी त्यातल्या १८ जणांचं रक्त तपासलं आणि एकाच लशीचे दोन डोस घेतलेल्या ४०-४० जणांच्या दोन गटांशी ताडून पाहिलं. अपाय दिसला नाही, प्रतिसाद उलट चांगला होता. १८ हा आकडा फार लहान आहे, पण दार किलकिलं झालं. पुढे ब्रिटनच्या कोव्ह-बूस्ट चाचणीत २,८७८ जणांना सात वेगवेगळ्या लशींचे तिसरे डोस दिले गेले. अ‍ॅस्ट्राझेनेकाचे, म्हणजे आपल्या कोविशिल्डचेच, दोन डोस घेतलेल्यांमध्ये सातही लशींनी अँटिबॉडी वाढवल्या. कॉर्बेव्हॅक्स त्या सातांत नव्हती. तिची चाचणी भारतात ४१६ जणांवर झाली, १८ ते ८० वयाच्या. तुलना होती प्लासिबोशी, म्हणजे लस नसलेल्या इंजेक्शनशी. त्यामुळे 'कॉर्बेव्हॅक्स तिसऱ्या कोविशिल्डपेक्षा अमुक पट भारी' असा फॉरवर्ड आला तर विश्वास ठेवू नका. या चाचणीतून तसं काही निघत नाही.

फॉरवर्डांचा विषय निघालाच आहे. २०२१ मध्ये लशीनंतर अंगाला चमचे चिकटल्याचे व्हिडिओ फिरले. घाम आणि त्वचेवरच्या तेलाने चमचा चिकटतो, तिथे टाल्कम पावडर लावा, पडेल. पुढच्या वर्षी 'दोन लशी मिसळल्या की अंगात धातू साठतो' हे नवीन सुरू झालं. कॉर्बेव्हॅक्समध्ये अ‍ॅल्युमिनियमचा क्षार आहे, हे खरं. दाढी झाल्यावर गालावर फिरवतात ती तुरटीसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार. १९२६ मध्ये ब्रिटनमधल्या ग्लेनी यांनी घटसर्पाच्या लशीत तुरटी वापरून पाहिली आणि लस जास्त परिणामकारक झाली. तेव्हापासून अ‍ॅल्युमिनियमचे क्षार कितीतरी लशींत आहेत, आपल्या सगळ्यांच्या दंडात लहानपणीच टोचले गेलेत, आणि लोहचुंबकाला ते भीक घालत नाहीत. काढ्यांबद्दल एवढंच सांगतो, आलं-मिऱ्याचा काढा घशाला बरा वाटतो, पण कुठलाही काढा बी पेशीला आरबीडीचा आकार दाखवू शकत नाही.

मिसळीची एक मर्यादा मात्र साफ सांगायला हवी. या तिन्ही लशींतला काटा २०२० च्या सुरुवातीच्या विषाणूचा आहे. ओमायक्रॉनच्या पहिल्या रूपातच आरबीडीवर १५ बदल होते. मसावि नेमका निघाला तरी तो जुन्या संख्यांचा मसावि आहे. तिसऱ्या डोसनंतर कोरोना होणारच नाही असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. गंभीर आजारापासूनचं संरक्षण वाढणं हा त्याचा उपयोग, आणि साठीच्या पुढे तो मोठा आहे.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. जर्मिनल सेंटरपाशी त्यांनी फाइलची चेन दोनदा उघडून बंद केली, मग मसावि म्हटल्यावर पुन्हा लक्ष दिलं. दुसऱ्या दिवशी त्या जाऊन कॉर्बेव्हॅक्स घेऊन आल्या. रात्री थोडी कणकण, काखेत गाठ. "तुझी शर्यत सुरू झाली बघ," त्यांनी जिन्यात हात वर करून सांगितलं. मग प्रश्न उरला काकांचा. त्यांच्या दोन कोव्हॅक्सिन झाल्या होत्या, म्हणजे कॉर्बेव्हॅक्स त्यांनाही चालणार होती. पण जुलैत त्यांना कोरोना झाला होता, आणि बरं झाल्यावर तीन महिने थांबायचा तेव्हा नियम होता. १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस असलेली मोफत डोसांची मुदत तोवर संपणार होती. काकूंनी कॅलेंडरवर ऑक्टोबरच्या पानाला पिन लावून ठेवली.