सह्याद्रीचा कडा (सातारा जिल्हा)

महाबळेश्वरपासून कोयनानगरपर्यंत घाटमाथा कोकणाकडे जिथे तुटतो तो कडा. महाबळेश्वरचा माथा १,४०० मी.हून थोडा उंच; खालचे पोलादपूर १०० मी.च्याही आत. खडक बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे जवळजवळ आडवे थर. दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा मऊ पट्टा सापडतो. तो आधी झिजतो, वरच्या कातळाचा आधार जातो आणि कातळ उभ्या भेगांवर सुटतो. डोंगरउतारावरच्या पायऱ्या अशाच पडल्या आहेत.

कड्याच्या उत्पत्तीबद्दल एकमत नाही. जुन्या लेखनात तो पश्चिम किनाऱ्याच्या विभंगाचा (खडक तुटून सरकल्याच्या भेगेचा) कडा मानला जाई. परंतु पायथ्याशी तेवढा मोठा विभंग दिसत नाही. पनवेलच्या बाजूस तर थर समुद्राकडे झुकलेले आहेत. कडा मुळात किनाऱ्याजवळ असावा व पश्चिमवाहिनी नद्यांनी तो कोरत पूर्वेला मागे नेला असावा, हे मत अधिक पटणारे आहे. मागे हटण्याचा वेग मात्र सर्वकाळ सारखा धरता येत नाही.

उत्थान (जमीन वर उचलली जाणे) आधी आणि झीज नंतर, असा क्रमही सरसकट लावू नये. बेसाल्टची घनता पाण्याच्या सुमारे २.९ पट, कवचाखालच्या प्रावरणाची (पृथ्वीच्या आतल्या थराची) ३.३ पट, म्हणून १०० मी. खडक वाहून गेला की भार हलका होऊन कवच सुमारे ८८ मी. वर येते. कवच ताठ असल्याने ही उचल रुंद पट्ट्यात पसरते. दरी खोदली जाते आणि शेजारचा न झिजलेला माथा फुकटात उंचावतो. पाचगणी व कासची जांभ्याची पठारे हे अशा माथ्याचे अवशेष होत. कोकणातील सड्यांचा (सपाट कातळी माळांचा) जांभा त्याच पृष्ठाचा खचलेला तुकडा नसून बहुधा नंतरचा आहे.

कृष्णा महाबळेश्वरहून वाईला येते तेव्हा अजून ७०० मी.वर असते आणि पुढे सुमारे १,४०० किमी. जायचे असते. सावित्री पोलादपुरापर्यंतच जवळजवळ सगळी उंची उतरते, त्यामुळे तिचे ओढे माथा मागे खात जातात. कोयना कड्याला समांतर दक्षिणेस वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळते. कोयना धरणाचे पाणी बोगद्यांतून पोफळीला सुमारे ४७५ मी. खाली सोडले जाते आणि कोकणातल्या वाशिष्ठी नदीत जाते. माणसाने केलेले नदीचौर्यच (एका नदीने दुसरीचे पाणी पळवणे) म्हणायचे.

११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप सह्याद्री उचलला जात असल्याचा पुरावा म्हणून काही वेळा दिला जातो. पण त्यातील खडकांची सरक मुख्यतः आडवी होती, वर उचलणारी नव्हे, आणि कोयनेच्या जलाशयाशी त्याचा संबंध जोडला जातो.