कॅम्फेड

आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील गरीब मुलींना माध्यमिक शाळेत टिकवून ठेवणारी आणि शाळा संपल्यावरही त्यांची साथ न सोडणारी संस्था (‘कॅम्पेन फॉर फीमेल एज्युकेशन’ या नावाचे लघुरूप). ब्रिटिश शिक्षण कार्यकर्त्या अ‍ॅन कॉटन यांनी १९९३ मध्ये तिची स्थापना केली. झिंबाब्वे, झांबिया, घाना, टांझानिया आणि मलावी या देशांत तिचे काम चालते.

१९९१ मध्ये कॉटन झिंबाब्वेतील मोला या दुर्गम खेड्यात गेल्या, तेव्हा तेथील माध्यमिक शाळेत सात मुलग्यांमागे एकच मुलगी शिकत होती. आईवडिलांचा मुलींच्या शिक्षणालाच विरोध असतो, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. गावात चौकशी केल्यावर मात्र खरी अडचण पैशांची असल्याचे कळले. फी, गणवेश आणि वह्यांचा खर्च एकाच अपत्यापुरता झेपत असेल, तर पुढे नोकरी मिळण्याची शक्यता अधिक म्हणून मुलाची निवड होई. (दोष रूढीवर टाकला की खर्चाचा प्रश्न उरतच नाही, म्हणूनही तो समज सोयीचा ठरला असावा.) कॉटन यांनी इंग्लंडमधील केंब्रिजच्या बाजारात केक विकून उभ्या केलेल्या पैशांतून पहिल्या ३२ मुलींच्या शिक्षणाची सोय झाली.

मदत कोणाला द्यायची हे बाहेरचे अधिकारी ठरवत नाहीत. पालक, शिक्षक आणि गावातील जाणत्या मंडळींच्या समित्या गरजू मुली निवडतात. फीबरोबरच गणवेश, बूट, सॅनिटरी पॅड आणि गरजेनुसार वसतिगृहाचा खर्चही भागवला जातो.

या कामाचे खरे वेगळेपण शिकून बाहेर पडलेल्या मुलींच्या संघटनेत आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेच्या सदस्या पुढच्या मुलींच्या शिक्षणाला पदरमोड करून हातभार लावतात. त्यांच्यापैकी काही जणी ‘लर्नर गाइड’ म्हणून स्थानिक शाळांत विनावेतन काम करतात. अभ्यासाच्या सवयी, आरोग्य आणि आत्मविश्वास यांविषयी तासिका घेतात, आणि एखादी मुलगी शाळेत यायची थांबली तर तिच्या घरी जाऊन कारण विचारतात. शेती किंवा छोट्या व्यवसायासाठी त्यांना बिनव्याजी कर्ज मिळू शकते. शाळेला दिलेला वेळ हेच त्या कर्जाचे व्याज धरले जाते. पहिल्या तुकड्यांत मदत मिळालेल्या अँजेलिन मुरिमिर्वा पुढे संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या.

फीची सोय झाली तरी सर्व अडथळे दूर होत नाहीत. टांझानियात गरोदर मुलींना शाळेतून काढून टाकले जाई आणि बाळंतपणानंतरही सरकारी शाळेत परत घेतले जात नसे. त्यांच्या परतीचा मार्ग २०२१ मध्ये मोकळा झाला. झिंबाब्वेने २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून गरोदरपणाच्या कारणावरून मुलींना शाळेतून काढण्यास मनाई केली.