व्याजबंदी (ख्रिस्ती परंपरा)

कर्जाऊ रकमेवर मुद्दलापेक्षा जास्त काहीही घेणे पाप आहे, ही शिकवण ख्रिस्ती चर्चने हजाराहून अधिक वर्षे दिली. चौथ्या शतकात ही बंदी मुख्यतः धर्मगुरूंसाठी होती. आठव्या शतकाच्या अखेरीस ती सामान्य ख्रिस्ती माणसालाही लागू झाली, बाराव्या-तेराव्या शतकांत कमालीची कडक झाली आणि सोळाव्या शतकापासून सैल होत गेली. संपत्तीविषयीचा ख्रिस्ती विचार जाणून घ्यायचा तर दारिद्र्याच्या स्तुतीपेक्षा किंवा दानधर्मावरच्या प्रवचनांपेक्षा व्याजाचा हा वाद अधिक काही सांगतो. इथे श्रद्धेला खतपत्रे, तारण, मुदत आणि थकबाकी यांच्याशी थेट भिडावे लागले.

शास्त्राधार

बायबलच्या जुन्या करारातील निर्गम, लेवीय आणि अनुवाद या तिन्ही ग्रंथांत गरीब बांधवाकडून व्याज घेण्यास मनाई आहे. निर्गमातील नियम फार बारकाईने माणसाकडे पाहतो. शेजाऱ्याचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्यास्तापूर्वी परत करा, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरे काही नाही, असे तिथे सांगितले आहे. अनुवाद या ग्रंथात मात्र परक्याकडून व्याज घेण्याची मुभा आहे, आणि या एका सवलतीने पुढे फार मोठे अनर्थ घडवले. नव्या करारात लूकच्या शुभवर्तमानात येशू परतफेडीची आशा न धरता उसने द्यायला सांगतो. दुसरीकडे मत्तयाच्या शुभवर्तमानातील दृष्टांतात धनी आपल्या आळशी चाकराला विचारतो, की माझे पैसे सावकारांकडे ठेवून व्याज तरी का मिळवले नाहीस? दोन्ही बाजूंनी वाद घालणाऱ्यांना बायबलमध्ये आधार सापडत राहिला तो असा.

आरंभीचे धर्मपिते

सन ३२५ च्या नायसियाच्या धर्मपरिषदेने व्याज घेणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करावे असा नियम केला. त्यात दरमहा शेकडा एक या, त्या काळी रूढ असलेल्या दराचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्मगुरूच सावकारी करत असल्याशिवाय असा नियम करण्याची वेळ येत नाही.

त्याच शतकात कॅपाडोशियातील सीझरियाचे (आजचे तुर्कस्तानातील कायसेरी) बिशप संत बेसिल यांनी एका स्तोत्रावर प्रवचन करताना सावकार आणि ऋणको या दोघांचे जे चित्र रेखाटले, त्याला या विषयावरच्या लेखनात तोड नाही. गरजू माणूस दारात येतो, तेव्हा सावकार आपल्याजवळ दमडीही नसल्याच्या शपथा घेतो. व्याजाची आणि तारणाची गोष्ट निघताच त्याच्या कपाळावरच्या आठ्या जातात, त्याला जुना घरोबा आठवतो आणि कुणीतरी आपल्याकडे ठेवायला दिलेले पैसे असल्याचेही आठवते. कर्ज घेणाऱ्याची अवस्था बेसिल तितक्याच जवळून पाहतात. दार वाजले की तो पलंगाखाली शिरतो, कुत्रे भुंकले की त्याला घाम फुटतो. बापाच्या कर्जापायी मुलांना बाजारात विकायला नेताना आपण पाहिले आहे, असे ते सांगतात. श्रीमंत असाल तर कर्जाची गरज नाही आणि गरीब असाल तर ते फिटणार नाही, तेव्हा कर्ज काढूच नका, हा त्यांचा सल्ला. बेसिल यांच्या डोळ्यांसमोर व्यापाऱ्याचे भांडवल नव्हते. उपाशी माणूस होता. पुढच्या काळात ही गोष्ट जेव्हा जेव्हा नजरेआड झाली, तेव्हा व्याजबंदी एक तर कायद्याची कसरत झाली किंवा छळाचे हत्यार.

बंदीचा कडक काळ

शार्लमेन राजाच्या ७८९ च्या फर्मानाने सर्व प्रजेला व्याज घेण्यास मनाई केली. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्याला प्रभुभोजन (चर्चमधील पवित्र भाकरीचा विधी) आणि ख्रिस्ती दफनविधी दोन्ही नाकारले, आणि १३११-१२ च्या व्हिएन परिषदेने, व्याज घेणे पाप नाही असे हट्टाने म्हणणाऱ्याला पाखंडी ठरवले. मरणशय्येवरचे सावकार मृत्युपत्रात व्याजाची रक्कम परत करण्याची तरतूद करू लागले. फ्लॉरेन्सच्या बार्दी पेढीच्या वह्यांत तर देवाच्या नावे खाते होते आणि त्या खात्यातला नफा गरिबांकडे जाई.

बंदीची तात्त्विक मांडणी टॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात केली. घर वापरले तरी घर शिल्लक राहते, म्हणून भाडे घेणे न्याय्य आहे. दारू किंवा धान्य वापरले की संपते. दारूची किंमत एकदा आणि ती पिण्याचा मोबदला वेगळा, असे दोनदा पैसे कुणी मागत नाही. पैसाही खर्च केला की हातचा जातो, म्हणून मुद्दलावर व्याज मागणे म्हणजे अस्तित्वात नसलेली वस्तू विकणे. वेळ देवाचा आहे, तो विकण्याचा हक्क माणसाला नाही, असा दुसरा युक्तिवादही त्या काळी वारंवार केला जाई. अक्वायनस यांची मांडणी सुबक आहे, पण तीत एक उणीव राहते. बेसिल यांनी गरज आणि हाव यांचा प्रश्न विचारला होता. आता प्रश्न पैसा या वस्तूच्या स्वरूपाचा झाला. मग उत्तरेही वस्तूच्या स्वरूपाचीच निघाली. कर्ज दिल्यामुळे झालेले नुकसान, बुडालेला संभाव्य नफा, मुदत चुकल्याचा दंड या नावांनी जादा रक्कम घेता येऊ लागली. एका गावी दिलेले पैसे दुसऱ्या गावी दुसऱ्या चलनात घेणारी हुंडी हाही राजमार्ग झाला.

पाद्वा येथील स्क्रोवेन्यी प्रार्थनामंदिरात या काळाचे अंतरंग डोळ्यांनी पाहता येते. रेजिनाल्दो स्क्रोवेन्यी या सावकाराला दांतेने आपल्या महाकाव्यातील नरकात बसवले आहे. तप्त वाळूवर, आगीच्या पावसाखाली बसलेल्या सावकारांच्या गळ्यांत थैल्या लटकतात आणि रेजिनाल्दोच्या थैलीवर त्याच्या घराण्याची खूण, निळी गाभण डुकरीण आहे. त्याचा मुलगा एन्रिको याने बांधलेले हे मंदिर १३०५ मध्ये अर्पण झाले आणि जॉत्तोने त्याच्या भिंती चितारल्या. पित्याच्या पापाचे परिमार्जन म्हणून ते बांधले असे परंपरेने मानले जाते; ते प्रायश्चित्त किती आणि प्रतिष्ठेची हौस किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. भिंतीवर पाहिले तर दोन्ही दिसते. अंतिम न्यायाच्या चित्रात एन्रिको गुडघे टेकून मंदिराची प्रतिकृती अर्पण करतो आहे आणि त्याच भिंतीवर, नरकाच्या भागात, माणसे आपल्याच थैल्यांच्या दोऱ्यांनी लटकली आहेत.

यहुदी समाजावरचे ओझे

ख्रिस्ती राज्यांत यहुद्यांना जमीन आणि कारागीर संघ बहुतेक ठिकाणी बंद होते. अनुवाद ग्रंथातील परक्याविषयीच्या सवलतीमुळे ख्रिस्ती माणसाला कर्ज देण्यास त्यांना धर्माची आडकाठी नव्हती. राजांनी त्यांना सावकारीकडे लोटले, त्यांच्यावर जबर कर लादले, आणि वसुलीचा रोष त्यांनाच सोसावा लागला. मार्च ११९० मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथे जमावाने किल्ल्यात आश्रय घेतलेल्या यहुद्यांना वेढले आणि सुमारे दीडशे जण प्राणांस मुकले. त्यानंतर जमाव थेट यॉर्कच्या कॅथेड्रलमध्ये गेला आणि तिथे ठेवलेली कर्जखते त्याने जाळली. हल्ल्याच्या म्होरक्यांत यहुद्यांचे कर्ज बुडवू पाहणारे सरदार होते. यानंतर राजाने जे केले तेही बोलके आहे: कर्जखतांच्या नकला सरकारी पेट्यांत ठेवण्याची व्यवस्था झाली, म्हणजे सावकार मेला तरी येणे बुडू नये. १८७५ मध्ये सुपे येथे सुरू झालेल्या दख्खनच्या उठावातही कुणब्यांनी सावकारांचे रोखे जाळले, पण तिथे रोख कागदांवर होता आणि माणसांवर हात क्वचितच उचलला गेला. यॉर्कला कागद आणि माणसे दोन्ही संपवली गेली. इंग्लंडने १२७५ मध्ये यहुद्यांना व्याज घेण्यास बंदी केली आणि १२९० मध्ये त्यांना देशाबाहेर घालवले. दुसऱ्याकडून पाप करवून घेऊन त्याचीच शिक्षा त्याला द्यायची, हा ख्रिस्ती इतिहासातील एक गंभीर अन्याय आहे आणि या विषयावरच्या कोणत्याही नोंदीत तो झाकता येणार नाही.

गरिबांच्या पेढ्या

उपदेशाने गरिबाचे कर्ज फिटत नाही, हे पंधराव्या शतकात इटलीतील फ्रान्सिस्कन संन्याशांनी ओळखले. १४६२ मध्ये पेरूजा येथे त्यांच्या पुढाकाराने लहान वस्तू गहाण ठेवून अल्प व्याजाने कर्ज देणारी पेढी निघाली. कारकुनाचा पगार आणि जागेचा खर्च भागावा एवढेच व्याज घ्यायचे, हे तिचे तत्त्व. डोमिनिकन पंथीयांनी कडाडून विरोध केला: व्याज ते व्याजच, थोडे काय नि जास्त काय. अखेर १५१५ मध्ये पोप दहावे लिओ यांनी पाचव्या लॅटरन परिषदेत या पेढ्यांना मान्यता दिली. ज्यांनी धन सर्वस्वी सोडले होते, त्यांनीच पतपुरवठ्याची व्यवस्था उभी केली याचे नवल वाटते, पण गरिबांच्या सहवासात राहिल्यामुळेच त्यांना ते सुचले. याच चळवळीतले काही प्रवचनकार यहुद्यांविरुद्ध विखारी बोलत, हेही खरे.

धर्मसुधारणेच्या काळात मार्टिन ल्यूथर जुन्या बंदीच्याच बाजूने उभे राहिले. १५४० मध्ये त्यांनी सावकारांना प्रभुभोजन देऊ नका, असे पाळकांना बजावले. जॉन कॅल्विन यांनी १५४५ च्या एका पत्रात वेगळी वाट धरली. पैसा वांझ असतो हे ॲरिस्टॉटलचे मत त्यांनी नाकारले. पैशातून शेत घेता येते आणि शेत पिकते, असे त्यांचे म्हणणे. मात्र गरजवंताकडून व्याज घेऊ नये आणि सावकारी हा धंदा करू नये, या अटी त्यांनी घातल्या. कॅल्विन यांनी व्याजाला दार उघडले असे सर्रास लिहिले जाते. त्या अटी बाजूला ठेवून तसे लिहिणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे, कारण त्यांतूनच ते बेसिल यांच्या मूळ प्रश्नापाशी परत आले होते.

कॅथलिक चर्च याच मुक्कामी हळूहळू पोहोचले. १७४५ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी इटलीच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात बंदी कायम ठेवली. १८३० पासून रोमने कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूंना, कायदेशीर दराने व्याज घेणाऱ्यांना त्रास देऊ नका, असे कळवायला सुरुवात केली. १९१७ च्या धर्मसंहितेने कायदेशीर व्याजाला मुभा दिली.

सहकार आणि आजचा काळ

जर्मनीतील प्रॉटेस्टंट नगरप्रमुख फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन यांनी शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी १८६४ मध्ये हेडेसडोर्फ येथे पतसंस्था काढली. सभासद एकमेकांना ओळखणारे, कार्यक्षेत्र लहान, जबाबदारी सामाईक. शेजाऱ्यावरील प्रीतीची ख्रिस्ती आज्ञा हाच आपल्या कामाचा पाया आहे, असे ते मानत. हाच नमुना फ्रेडरिक निकल्सन यांच्या अहवालातून भारतात आला आणि १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात उतरला. महाराष्ट्रातील गावोगावच्या सोसायट्यांचा एक मूळ धागा असा ऱ्हाईनकाठच्या चर्चपर्यंत जातो. वसईच्या कॅथलिक समाजाने धर्मगुरू मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये काढलेली पतपेढी म्हणजेच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कर्जदाराच्या जागी आख्खे देश आले. लेवीय ग्रंथातील दर पन्नासाव्या वर्षीच्या मुक्तिवर्षाचा आधार घेऊन चर्चच्या अनेक संघटनांनी गरीब देशांच्या कर्जमाफीची मोहीम चालवली. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅमच्या आठ राष्ट्रांच्या परिषदेभोवती सुमारे ७०,००० लोकांनी मानवी साखळी केली. २०१३ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी पगाराच्या भरवशावर अवाच्या सवा व्याजाने कर्ज देणाऱ्या वोंगा कंपनीला, पतसंस्थांच्या बळावर आम्ही तुम्हाला बाजारातून हटवू, असे सांगितले. लगेचच चर्चच्याच गुंतवणूक निधीचे पैसे अप्रत्यक्षपणे त्या कंपनीत गुंतलेले असल्याचे उघड झाले. वेल्बी यांनी ते जाहीरपणे मान्य केले आणि पुढच्या वर्षी ती गुंतवणूक काढून घेतली गेली. जानेवारी २०१५ पासून ब्रिटनमध्ये अशा कर्जांवर मर्यादा आली: व्याज आणि दंड मिळून मुद्दलाइतकेच, त्याहून एक पेनीही जास्त नाही. हिंदू कायद्यातील दामदुप्पटीचा नियमही हेच सांगतो.