दिसतंय तरी सिग्नल कमी का?

गावाकडच्या आमच्या गच्चीवरून समोरच्या डोंगरावरची कलमांची बाग दिसते, सरळ रेषेत 5 किलोमीटर. तिथल्या पंपावर कॅमेरा हवा होता म्हणून दोन्हीकडे 5.8 गिगाहर्ट्झच्या डिश लावल्या. दुर्बिणीतून पलीकडची डिश दिसत होती, सिग्नल मात्र हिशोबापेक्षा बराच कमी. जो तो म्हणाला, जास्त पॉवरचं मशीन घ्या. दिसतंय म्हणजे वाट मोकळी आहे असंच सगळे धरून चालतात, आणि चूक तिथेच होते.

हिशोब असा. 5 किलोमीटर मोकळ्या हवेत सिग्नल साधारण 122 डेसिबलने घटतो (डेसिबल म्हणजे पटींचं माप, दर 10 ला दहापट फरक). आपल्या डिशमधून 36 डीबीएम, म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल, सुटले, पलीकडच्या डिशचा गेन, म्हणजे सिग्नल एकवटून घेण्यातली वाढ, 23, म्हणजे हाती उणे 63 यायला हवेत. हे वॅटचा दोन अब्जावा भाग एवढंच असतं, पण रेडिओला पुरतं. आम्हाला मिळत होते उणे 69. 6 डेसिबल गायब, म्हणजे चारातले तीन हिस्से!

कारण लहर काही दोरीसारखी एका रेषेत जात नाही, ती आजूबाजूनेही जाते. अगदी मधोमध 8 मीटर वाट वाकडी करून आलेल्या लहरीला सरळ लहरीपेक्षा फक्त 2.6 सेंटीमीटर जास्त चालावं लागतं, म्हणजे अर्धी तरंगलांबी. तेवढ्या आतून येणाऱ्या लहरी एकमेकींना धरून असतात, त्यापलीकडच्या उलट्या पडायला लागतात. या आतल्या, मधे फुगलेल्या काकडीच्या आकाराच्या जागेला म्हणतात फ्रेनेल झोन. ऑग्युस्तँ फ्रेनेल हा माणूस 1827 मध्ये वारला, रेडिओ लहरी सापडायच्या साठेक वर्षं आधी, त्याने हे सगळं प्रकाशासाठी मांडलं होतं आणि ते आपल्या डिशला जसंच्या तसं लागू पडतं, मला हे फार भारी वाटतं.

आमच्या वाटेत मधोमध एक वड होता, शेंडा रेषेला जेमतेम खाली. रेषा मोकळी, पण तिच्या खालच्या सगळ्या लहरी वडाने अडवल्या. अर्ध्या लहरी गेल्या की लहरीची उंची अर्धी होते, आणि ताकद उंचीच्या वर्गावर चालते, म्हणून चौथाई. बरोबर 6 डेसिबल!

खोक्यावर छापलेली ‘30 किमी रेंज’ वाटेतलं झाड बघून छापलेली नसते. आणि मोबाईलच्या मागे चिकटवायचे ‘बूस्टर’ स्टिकर ही तर निव्वळ लुबाडणूक आहे, त्यांच्यावर पैसे घालवू नका. याउलट 2007 मध्ये व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी साध्या वाय-फाय राउटरांवर 382 किलोमीटरची लिंक जोडली ती डोंगरांच्या जोरावर, कारण एवढ्या अंतरात पृथ्वीचा फुगवटाच मधे दोन किलोमीटरहून जास्त उंच येतो.

झोनच्या त्रिज्येचा 60 टक्के भाग मोकळा असला तरी काम भागतं, आमच्याकडे म्हणजे 5 मीटर. एकाच टोकाला खांब वाढवला तर मधे निम्मीच उंची मिळते, म्हणजे तिथे 10 मीटर चढवावं लागलं असतं. म्हणून दोन्हीकडे 5-5 मीटरचे पाइप चढवून तारांचे ताण दिले. आता उणे 64 येतात, मशीन तेच आहे, वडाची फांदीसुद्धा तोडली नाही.