कंपनीचा ताळेबंद शोधताय? आधी बिल बघा

प्रोजेक्टसाठी एखाद्या धंद्याचे आकडे हवे असतात, आणि मुलं कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर दुकानाच्या पाटीवरचं नाव टाकत बसतात. काही सापडत नाही. स्पेलिंग बदलून पुन्हा तेच. अहो, ती कंपनी असेलच कशावरून?

परवा एक मुलगी लालबागच्या एका मसाल्याच्या दुकानासाठी अशीच अडली होती. पर्समध्ये तिथलंच चुरगळलेलं, हळदीचे डाग पडलेलं बिल निघालं. त्यावर 15 अंक-अक्षरांचा जीएसटी क्रमांक. पहिले दोन अंक 27, म्हणजे महाराष्ट्र; पुढची दहा म्हणजे पॅन. आधीचे अंक धरून सुरुवातीपासून सहावं अक्षर बघायचं: ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘एफ’ म्हणजे भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), ‘पी’ म्हणजे एकट्याचा धंदा. तिच्या बिलावर ‘एफ’ होता. हाच क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकला की कायदेशीर नाव फुकटात कळतं.

नावात एलएलपी नसेल तर ती साधी भागीदारी. 1932 च्या कायद्यानुसार तिची नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणी असलीच तर भागीदार कोण ते कळेल, नफा किती ते नाही. त्यासाठी गल्ल्यावर बसलेल्या मालकांनाच गोडीत विचारावं लागतं. माहिती अधिकाराचे दहा रुपये घालवू नका, खासगी धंद्याला तो लागू नाही.

‘सी’ निघालं तर काम सोपं. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर खातं उघडा, एका कंपनीचे 100 रुपये भरा. कागद कायम खुले राहत नाहीत, लगेच उतरवून घ्या.

खरी फजिती तारखेची. वर्ष 31 मार्चला संपलं म्हणून जूनमध्ये ताळेबंद शोधतात आणि पैसे गेले म्हणून चरफडतात. वार्षिक सभेला 30 सप्टेंबरपर्यंत मुदत, त्यानंतर ताळेबंद भरायला आणखी 30 दिवस. म्हणजे दिवाळीच्या सुमारास बघा. उशिरा भरणारे वेगळेच!

मुंबईच्या जुन्या कापडगिरण्यांवर काम असेल तर 1875 साली स्थापन झालेल्या गिरणीमालक संघाचे वार्षिक अहवाल शोधा, त्यात गिरणीवार चात्या (सूत कातायच्या), माग, कामगार मोजलेले असतात. सरकारी दप्तरं काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात. ओळखपत्रासोबत कॉलेजचं पत्र न्या आणि त्यात ‘गिरणी उद्योग’ एवढंच लिहून आणू नका. कुठली गिरणी, कुठली वर्षं ते लिहा, नाहीतर कुठलं दप्तर काढायचं हे समोरच्यालाही कळत नाही.