मूग-चवळीत भुंगेरे येतात कुठून?

डब्याचे झाकण घट्ट होते, तरी आत भुंगेरे कसे झाले, असे ग्राहक आम्हाला नेहमी विचारतात. ते बाहेरून येत नाहीत, दाण्यातूनच निघतात.

भुंगेऱ्याची मादी शेतात वाळत आलेल्या शेंगांवर किंवा साठवणीतल्या अख्ख्या दाण्यांवर अंडी चिकटवते. अळी उघड्यावर येतच नाही. अंड्याखालचे साल पोखरून ती थेट दाण्यात शिरते, आत खाते आणि तिथेच कोषात जाते. पूर्ण वाढलेला भुंगेरा सालीची गोल चकती ढकलून बाहेर पडतो. उबदार हवेत हे सारे ३ ते ४ आठवड्यांत होते. बाहेर आल्यावर त्याला खाण्याचीही गरज नसते. एक मादी १००च्या आसपास अंडी घालू शकते, म्हणून दोन-चार किडके दाणे पुढे अख्खा डबा नासवतात.

भोक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दाण्यावर खसखशीहून बारीक पांढरा ठिपका शोधा. अंडे फुटून अळी आत गेली की रिकामे कवच भुश्शाने भरते आणि असे पांढरे दिसते. राजम्याला मात्र ही खूण लागू नाही. त्याचा भुंगेरा अंडी न चिकटवता दाण्यांमध्ये सुटी टाकतो.

नुसते ऊन दाखवले तर भुंगेरे उडून जातात, आतली अळी बऱ्याचदा वाचते. आमच्या मते घरासाठी फ्रीझर सर्वांत खात्रीचा. कडधान्य लहान पिशव्यांत बांधून उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दाण्यांना ओल धरते. नंतर हवाबंद डब्यात काठोकाठ भरा. आत हवा कमी राहिली की उरलीसुरली कीडही वाढत नाही. मूग, चवळीसारख्या अख्ख्या दाण्यांना कीड लवकर लागते, डाळीला त्यामानाने कमी.

धुरीच्या विषारी गोळ्या घरात कधीही वापरू नका. त्यांच्या वायूने माणसे दगावतात. पेरणीसाठी ठेवलेले बियाणे तपासताना भोक असलेला प्रत्येक दाणा बाजूला काढा. त्याची उगवण कमी होते, उगवला तरी रोप अशक्त राहते.

आमच्या पाकिटात ठिपके दिसले, तर ते न उघडता परत आणा. आम्ही बदलून देऊ, आणि त्याच खेपेतला उरलेला माल विक्रीतून काढून तपासू.