गार हवेतून ऊब काढणारी पेटी

डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: निफाडचा पारा घसरला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पाच-सहा अंशांची नोंद झाली की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात आणि शहरात हीटर माळ्यावरून खाली येतात. अशाच दिवसांत गंगापूर रोडला एका सभागृहाच्या गच्चीवर क्रेनने पॅकेज युनिट चढवत होते. उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देणारी एकच मोठी पेटी. खाली जमलेल्यांपैकी एका काकांनी तंत्रज्ञाला विचारलं, ‘आत हीटरच नाही म्हणता, मग बाहेर आठ अंश असताना ही ऊब आणणार कुठून?’ ‘बाहेरच्या हवेतूनच,’ हे उत्तर तिथे कोणालाच पटलं नाही. पण ते शब्दशः खरं आहे.

आठ अंश आपल्याला गार वाटतात, कारण आपलं शरीर सदतीस अंशांवर चालतं. केल्विनमध्ये मोजलं तर तीच हवा २८१ वर आहे, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून, ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही त्या बिंदूपासून, खूपच वर. तिच्यात उष्णता भरपूर आहे. ती काढून घ्यायला हवेपेक्षाही गार असं काहीतरी तिच्यासमोर धरावं लागतं, एवढंच.

इथे कामाला येतो तो युनिटमधला ‘गॅस’. आर-४१०ए हा त्यातला नेहमीचा. साध्या वातावरणीय दाबाला तो उणे ५१ अंशांवरच उकळतो. दाब वाढवला की उत्कलनबिंदू वर सरकतो: वातावरणाच्या आठपट दाबाला तो शून्य अंशाच्या आसपास उकळतो, सत्तावीसपट दाबाला थेट ४५ अंशांवर. हिवाळ्यात बाहेरच्या कॉइलमध्ये आठपट दाब ठेवला की आठ अंशांची हवासुद्धा त्याला उकळवायला पुरते. उकळताना तो अप्रकट उष्मा, म्हणजे द्रवाची वाफ व्हायला लागणारी उष्णता, शोषतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून सत्तावीसपटीवर नेतो, आतल्या कॉइलमध्ये ती ४५ अंशांवर पुन्हा द्रव होते आणि शोषलेला सगळा उष्मा आतल्या हवेला देऊन टाकते. द्रव एका चिंचोळ्या मार्गातून जाताना दाब पुन्हा उतरतो आणि फेरा सुरू राहतो.

म्हणून एक युनिट वीज खर्चून तीन युनिट ऊब मिळते, यात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कुठेही मोडत नाही. लासलगावच्या बाजारात हमाल कांदा पिकवत नाही, गोण्या वाहून नेतो आणि मजुरी नेण्याची असते; कॉम्प्रेसरची वीज ही तशी मजुरी आहे. तीनातले दोन भाग बाहेरच्या हवेतून आले, एक विजेतून. जाहिरातीतली ‘फुकट उष्णता’ मात्र कोणी खरी मानू नये. शून्यावरून ४५ अंशांवर उष्णता चढवताना निसर्गाने घातलेली कमाल मर्यादा ३१८ भागिले ४५, म्हणजे सुमारे सातपट. प्रत्यक्षातली यंत्रं तिच्या निम्म्याच्या आसपास पोचतात आणि बाहेर थंडी वाढेल तशी ही पट कमी होत जाते. कल्पना जुनी आहे: विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्येच एका यंत्राने इमारत गरमही करता येईल आणि थंडही, असं मांडलं होतं.

मला या पेटीतला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो फोर-वे व्हॉल्व्ह, म्हणजे गॅसची दिशा उलटवून गारव्याची ऊब आणि उबेचा गारवा करणारी झडप. पितळेचं वीतभर नळकांडं. वरच्या बाजूला एकच नळी, तिच्यातून कॉम्प्रेसरचा गरम, जास्त दाबाचा गॅस येतो. खाली ओळीने तीन नळ्या. मधली कायम कॉम्प्रेसरकडे परत जाते. कडेच्या दोन, एक आतल्या कॉइलला आणि एक बाहेरच्या कॉइलला. नळकांड्यात खालून पोकळ असा एक सरकता ठोकळा असतो. तो एका वेळी मधली आणि कडेची एक नळी झाकून त्या दोन्ही एकमेकींना जोडतो. उरलेल्या नळीत वरचा गरम गॅस शिरतो. ठोकळा आतल्या कॉइलच्या बाजूला असेल तर ती कॉइल गार. पलीकडे सरकला की तीच गरम.

त्याला सरकवतं कोण? मोटर नाही. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना दट्टे (पिस्टन) आहेत आणि त्यांतल्या बारीक छिद्रांतून जास्त दाबाचा गॅस दोन्ही टोकांच्या पोकळ्यांत झिरपलेला असतो. एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारी झडप, एका पोकळीला कमी दाबाच्या नळीशी जोडून देतो. तिथला दाब कोसळतो आणि ठोकळा त्या बाजूला ढकलला जातो. म्हणजे यंत्र स्वतःच्याच दाबाने स्वतःची दिशा फिरवतं. फिरताना ‘फुस्स’ असा आवाज येतो. कडाक्याच्या दमट पहाटे बाहेरच्या कॉइलवर हिम धरलं तर ते वितळवायला युनिट काही मिनिटं असंच उलटं चालतं आणि वर वाफ दिसते. तो धूर नव्हे. आग लागली म्हणून मेन स्विच पाडू नये.

दाबाचा फरक नसेल तर व्हॉल्व्ह हलतच नाही. बसवताना थ्री फेजच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर स्क्रोल कॉम्प्रेसर (सर्पिल पात्यांनी गॅस दाबणारा) उलटा फिरतो, घरघरतो, पण दाब तयार करत नाही. मग व्हॉल्व्ह जागचा हलत नाही आणि दोष व्हॉल्व्हला दिला जातो. म्हणून आधी फेजचा क्रम तपासावा.

बाकी बसवण्याचं काम स्प्लिटपेक्षा सोपं. गॅस कारखान्यातच भरलेला, गच्चीवर तांब्याच्या नळ्या जोडणं नाही. हवा नेणारे-आणणारे दोन डक्ट, वीज, अर्थिंग आणि ड्रेन. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असल्याने हवा पाच-सहा टक्के विरळ आहे, तेवढा ब्लोअर वाढवून घ्यावा लागतो. जागा ठरवताना मात्र ‘अग्नितत्त्व आग्नेयेला’ असा आग्रह अजूनही ऐकू येतो. या पेटीत काहीच जळत नाही, आणि हिवाळ्यात तर ती बाहेर गार हवा सोडते! तिला कळते ती मोकळी जागा. बाहेर टाकलेली हवा कठड्याला आपटून पुन्हा कॉइलमध्ये शिरली, तर कोणतीही दिशा वाईटच.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते ड्रेनकडे, म्हणजे उन्हाळ्यात आतल्या गार कॉइलवर हवेतलं बाष्प जमून ठिबकणारं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाकडे. ब्लोअर कॉइलमधून हवा ओढतो, त्यामुळे कॉइलखालच्या ट्रेमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. हा फरक २५० पास्कल असेल तर तो २५ मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा झाला. ड्रेनच्या पाइपला त्याहून खोल ‘यू’ आकाराचा ट्रॅप नसेल तर पाइपातून हवा उलटी आत ओढली जाते, पाणी ट्रेमध्येच अडतं, भरून सांडतं आणि लोक स्लॅबचं वॉटरप्रूफिंग पुन्हा करून घेतात. हिवाळ्यात आतली कॉइल गरम असल्याने तिच्यावर पाणी धरत नाही आणि चांगला ट्रॅपही वाळून जातो. मार्चमध्ये कूलिंग सुरू करण्याआधी त्यात तांब्याभर पाणी ओतायचं.